पहिलं आधार उघडा, मग कार्डाचं बघू

मागच्या अंकात ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाचा मी ओझरता उल्लेख केला होता. वयाची सत्तर वर्षं पूर्ण केलेल्या कुणालाही, घरचं उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार दवाखान्यात भरती होऊन मोफत, एवढंच लिहिलं होतं. त्यावर पत्रांचा गठ्ठाच आला. अर्ध्या पत्रांत एकच वाक्य होतं, “ताई, आम्ही गेलो होतो, पण तिथं अडलं.”

अकरा वर्षं मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे राज्याच्या मोफत उपचार योजनेसाठी पेशंटना मदत करणारी, म्हणून अपघात विभागाशेजारच्या टेबलावर बसले. सुरुवातीला पाटीवर राजीव गांधी जीवनदायी होतं, २०१७ पासून महात्मा फुले जनआरोग्य झालं. पाटी बदलली तरी समोर येणारी माणसं तीच होती. एका हातात सलाईनची बाटली धरलेली आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतली कागदं. पत्रं वाचताना ते टेबल आठवलं. फरक एवढाच, की या वेळी बहुतेकांचा पेशंट घरी ओट्यावर बसून चहा पितोय. त्यामुळे उत्तर द्यायला मलाही धीर आहे.

“सासूबाईंचं खरं वय पंचाहत्तरच्या आसपास आहे. कोयनेचा भूकंप झाला त्या साली त्यांचं लग्न झालं, बहात्तरच्या दुष्काळात थोरले दीर काखेत होते. पण आधारवर जन्मतारीख ०१/०१/१९६१ आहे. सेवा केंद्रातल्या मुलानं परत पाठवलं. मतदार कार्डावर वय बरोबर आहे, ते चालेल का?” — एक सून, करमाळा

नाही चालणार. या योजनेत वय फक्त आधारवरचं धरतात. मतदार कार्ड, पॅन, तलाठ्याचा दाखला, सरपंचाचं पत्र, काहीही पुढे केलं तरी संगणक आधारकडेच बघतो. आणि आधारप्रमाणे तुमच्या सासूबाईंचं लग्न सहाव्या वर्षी झालं आणि अकराव्या वर्षी त्या आई झाल्या!

ही एक जानेवारी आली कुठून, तेही सांगते. देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं. त्यानंतर गावोगाव शिबिरं झाली. शाळेच्या ओट्यावर रांग, ऊन, मशीनवर बसलेला पोरगा विचारतो, “आजी, जन्म कधीचा?” आजी म्हणते, “मला काय ठावं बाबा, साठ-पन्नास धर.” पोरगा पन्नास धरतो आणि तारखेच्या जागी एक जानेवारी टाकतो. माझ्या टेबलावर आलेल्या म्हाताऱ्या माणसांत एक जानेवारीला जन्मलेल्यांची संख्या बघितली असती, तर त्या दिवशी गावागावात यात्रा भरायला पाहिजे होती. त्या पोराची चूक म्हणून मी सोडून देत असे. आता त्या चुकीची किंमत ५ लाख झाली आहे.

दुरुस्ती होते, पण आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. म्हणून अंदाजे तारीख घेऊन धावू नका. पुरावा काय आहे ते आधी शोधा. सासूबाई शाळेत गेल्याच नसतील, तरी ग्रामपंचायतीच्या किंवा माहेरच्या तालुक्याच्या जन्मनोंदीत नाव निघतं का, ते बघा. कित्येकदा नोंदीत बाळाचं नाव नसतं, नुसतं ‘मुलगी’ आणि बापाचं नाव असतं. त्यावरून जन्म प्रमाणपत्र काढायला वेळ लागतो, पण निघतं. कोणते कागद चालतात ते आधार केंद्रावर विचारून घ्या, नाही तर आधारच्या १९४७ या नंबरवर फोन करा. आणि “दोन हजार द्या, वय वाढवून देतो” म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या हातात आधार देऊ नका. बनावट दाखल्यावर तारीख बदलली आणि ते उघडकीला आलं, तर निस्तरणं तुमच्या नशिबी येईल.

यात एक गोष्ट लोक विसरतात. सासूबाईंचं नाव तुमच्या रेशनकार्डावर आहे ना? मग सत्तरीचं कार्ड मिळेपर्यंत त्या उघड्यावर नाहीत. आपल्या राज्यात १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले योजना सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, पिवळं, केशरी आणि पांढरंसुद्धा, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. तिथं वयाची अट नाही. तेव्हा रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, ते आज बघून घ्या. ‘लक्ष्मीबाई’ आणि ‘लक्ष्मी’ एवढ्या फरकानं रात्री दोन वाजता कसं अडतं, ते मी पाहिलं आहे.

“आई ऐंशीची आहे. आयुष्यभर विड्या वळल्या, बोटं गुळगुळीत झाली आहेत. ठसा उमटत नाही. आधारला मोबाईल जोडलेला नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिघांपैकी काहीच जमत नाही.” — सोलापूरहून एक मुलगा

सोलापूरच्या विडी कामगार बायका माझ्या ओळखीच्या आहेत. पानाची कड दुमडून दुमडून अंगठ्याच्या रेषा झिजून जातात, मशीनला समोर बोट आहे हेच कळत नाही. ऊसतोडीच्या बायकांचंही तसंच, त्यांना कोयता नडतो.

चौथा रस्ता आहे, चेहऱ्याचा. मोबाईलवर ‘आयुष्मान’ ॲप घ्या, सोबत ‘आधार फेस आरडी’ नावाचं सरकारी ॲपही लागतं. ते दुसरं ॲप उघडून काही दिसत नाही, ते मागे राहून काम करतं, म्हणून “चालत नाही” म्हणून काढून टाकू नका. ॲपमध्ये लाभार्थी म्हणून स्वतःच्या नंबरवर आत जायचं, सत्तर वर्षांवरच्यांसाठीची वेगळी नोंदणी आहे ती निवडायची, आईचा आधार क्रमांक घालायचा आणि पडताळणीसाठी चेहरा निवडायचा. आईला खिडकीकडे तोंड करून बसवा. पाठीमागे उजेड नको. चष्मा काढा, डोक्यावरचा पदर कपाळावरून जरा मागे घ्या. ॲप डोळे मिचकवायला सांगतं, तेव्हा आईला आधी सांगून ठेवा, नाही तर ती मोबाईलकडे टक लावून बघत बसते. माझ्या मावशीचं सातव्या वेळी झालं. सकाळी दहाच्या उन्हात करा, ट्यूबलाइटखाली करू नका.

मोबाईल जोडायचा असेल तर आईला केंद्रावर उचलून न्यायची गरज नाही. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन आधारला नंबर जोडून देतो. जवळच्या पोस्टात विचारा. मोबाईल मात्र घरातल्या अशा माणसाचा द्या, जो नंबर वर्षानुवर्षं तोच ठेवतो. नातवाचा देऊ नका, तो महिन्याला सिम बदलतो.

“माझं वय ७२, पत्नी ६६, माझी आई ९१. मुलाच्या रेशनकार्डावर आम्ही सगळे. कुणाला काय मिळतं? प्रत्येकाला ५ लाख का?” — पंढरपूर

तुम्हाला आणि आईला वय वंदना कार्ड मिळेल, दोघांचं वेगवेगळं, पण ५ लाख तुम्हा दोघांत मिळून. प्रत्येकी नाही. इथं बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. पत्नीला हे कार्ड मिळणार नाही, नवऱ्याचं वय बायकोला लागत नाही. त्यांच्यासाठी रेशनकार्डावरची योजना आहे.

तुमच्या घराकडे आधीपासून सगळ्या कुटुंबाचं साधं आयुष्मान कार्ड असेल तर गंमत तुमच्या बाजूची आहे. घरचे जुने ५ लाख सगळ्यांचे राहतात आणि सत्तरीवरच्यांचे ५ लाख वेगळे, वरचे. नातवाच्या ऑपरेशनला ते वापरता येत नाहीत, हीच त्यातली चांगली गोष्ट. पण जुनं कार्ड आहे म्हणून हे आपोआप चालू होत नाही. तुम्हाला आणि आईला नव्यानं पडताळणी करून नवं कार्ड काढावं लागेल.

“मी टपाल खात्यातून निवृत्त. सीजीएचएसचं आजन्म कार्ड आहे. आमच्या सोसायटीत शिबिर होतं, सगळ्यांनी काढलं म्हणून मीही रांगेत उभा राहिलो. मोबाईलवर एक घोषणापत्र आलं, मुलगी म्हणाली टिक करा. मी केलं नाही. बरोबर केलं का?” — पुणे

काका, लाखमोलाचं काम केलंत.

केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतले (सीजीएचएस) निवृत्त, माजी सैनिकांच्या ईसीएचएसमधले आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या आयुष्मान योजनेतले, या सगळ्यांना दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. आहे ती योजना ठेवायची की वय वंदना घ्यायची, असं निवडावं लागतं, आणि ही निवड एकदाच करायची असते. ते घोषणापत्र त्याच निवडीचं होतं. शिबिरात मागची रांग ढकलत असताना ते कुणी वाचत नाही.

आता तुमच्यापुरता हिशेब करू. वय वंदना कार्ड भरती झाल्यावरच उपयोगी पडतं. बाहेरून तपासून घेतलं, महिन्याची बीपी-शुगरची गोळी घेतली, तर त्यात एक पैसा मिळत नाही. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच काय तो भरतीबाहेरचा खर्च त्यात धरतात. तुमच्या सीजीएचएसमध्ये दवाखान्यातून दर महिन्याची औषधं मिळतात, भरतीच्या खर्चाला वर्षाची ५ लाखांची भिंत नाही, आणि सत्तरी ओलांडल्यावर यादीतल्या खासगी दवाखान्यातल्या तज्ज्ञाकडे चिठ्ठीशिवाय थेट जाता येतं. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून तुम्ही हे आजन्म कार्ड घेतलंय. शेजाऱ्यांना जे फुकट म्हणून चांगलं आहे, ते तुमच्यासाठी तोट्याचं आहे.

साताऱ्याकडच्या दोन माजी सैनिकांनीही हाच प्रश्न विचारला आहे. त्यांनाही हेच उत्तर. ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक तीस किलोमीटरवर आहे, एसटी वेळेवर नाही, ही तक्रार मला मान्य आहे. पण म्हातारपणी रोजची गोळी हाच मोठा खर्च असतो. तो सोडून ऑपरेशनचा विचार करून योजना बदलू नका. घराजवळच्या दवाखान्यासाठी फारच वाटत असेल, तर आधी तो दवाखाना आयुष्मानच्या यादीत आहे का ते बघा. बहुतेक वेळा ज्या दवाखान्यासाठी माणूस योजना बदलायला निघतो, तोच यादीत नसतो.

“खासगी कंपनीचा मेडिक्लेम अठरा वर्षं भरतोय. यंदा हप्ता वाढला. आता सरकारी कार्ड आलं, तर मेडिक्लेम बंद करू का? की दोन्ही ठेवता येतं?” — निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, दोन्ही ठेवता येतं. खासगी विमा असलेल्यांना आणि कामगार विम्याच्या ईएसआयसीवाल्यांनाही वय वंदना कार्ड मिळतं, त्यासाठी काही सोडावं लागत नाही.

बंद करू नका, असं माझं मत आहे. हप्ता जड जात असेल हे मी समजू शकते, निवृत्तिवेतनातून तो भरताना पोटात गोळा येतो. पण अठरा वर्षं भरून तुम्ही जे कमावलंय, ते एका वर्षाच्या खंडानं जातं. पुन्हा घ्यायला गेलात तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. त्र्याहत्तराव्या वर्षी तीन वर्षं थांबणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सरकारी कार्डाचं तसं नाही. त्यात थांबणं नाही, कार्ड निघालं त्या दिवसापासून जुन्या दुखण्यासकट सगळं धरतात. पण ते फक्त यादीतल्या दवाखान्यात आणि ठरलेल्या उपचारांना चालतं. तुमचा नेहमीचा हृदयाचा डॉक्टर त्या यादीत आहे का? तो असेल आणि हप्ता खरोखरच झेपत नसेल, तर विम्याची रक्कम कमी करून घ्या, पॉलिसी तोडू नका.

हप्त्याबद्दल दोन बातम्या हाताशी ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकानं कंपन्यांना सांगितलं, की साठीवरच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी विचारा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. तुमच्या नोटिशीत तो लावला आहे का, चष्मा लावून बघा. शिक्षक माणसाला मी हे सांगावं म्हणजे जरा जास्तच झालं, पण माझ्या ओळखीच्या एका मुख्याध्यापकांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आणि स्वतःची पॉलिसी एकदाही उघडली नाही.

“आई सहा महिने साताऱ्यात, सहा महिने बडोद्याला माझ्याकडे. कार्ड कुठलं काढू?” — बडोदा

एकच, कुठंही काढा. देशभरात यादीतल्या दवाखान्यात चालतं. कार्डाचा फोटो आईच्या आणि तुमच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. फक्त बडोद्यातला घराजवळचा कोणता दवाखाना यादीत आहे, ते आई येण्याआधी योजनेच्या १४५५५ या नंबरवर विचारून ठेवा.

“वडिलांचं वय ७६, कार्ड होतं. छातीत दुखलं म्हणून रात्री दवाखान्यात नेलं. काउंटरवर म्हणाले, आधी चाळीस हजार भरा, योजनेचं सकाळी बघू. भरले. सकाळी म्हणाले, आता पैसे भरलेत म्हणजे योजनेत धरता येत नाही. हे खरं का?” — एक वाचक, लातूर जिल्हा

दवाखान्याचं नाव तुम्ही लिहिलंय, मी ते इथं छापायला देत नाही. पण ही गोष्ट मला नवी नाही. मी जिथं बसत होते तिथंसुद्धा, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर, एका नातवानं आजीच्या बांगड्या मोडून आणलेले पैसे भरले होते. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की टेबल आहे. मी त्या दिवशी जेवायला गेले होते. अजून बोचतं.

यादीतल्या दवाखान्यात, ठरलेल्या उपचाराला, कार्डवाल्याकडून अनामत मागता येत नाही. खाटेचं भाडं, तपासण्या, औषधं, ऑपरेशन, जेवण, सगळं त्या ठरलेल्या रकमेत येतं. मात्र स्वतंत्र खोली मागितली तर मग योजना विसरा. काउंटरवरच्या माणसाला ‘योजना’ म्हणून नुसतं सांगू नका, “आरोग्यमित्र कुठं बसतात” असं विचारा. हा शब्द वापरला की समोरच्याला कळतं, याला माहिती आहे. तिथूनच दवाखाना उपचाराची मंजुरी मागतो. जीव धोक्यात असेल तर मंजुरीची वाट न बघता उपचार सुरू करायचे असतात.

तुम्ही आता काय करायचं? पावती आहे का? पावती नसेल तर आधी ती मागा, लेखी. मग १४५५५ वर तक्रार नोंदवा आणि नोंद क्रमांक लिहून ठेवा. महात्मा फुले योजनेचा नंबर १५५३८८. फोनवर रागावू नका, तारीख, वेळ, रक्कम आणि कार्ड क्रमांक एवढंच सांगा. पत्रात तुम्ही तीन पानं त्या काउंटरवाल्याच्या उर्मटपणावर खर्च केलीत, रक्कम मात्र एकदाच आली. तक्रारीत उलटं करा.

“वडील ७४ वर्षांचे, ठणठणीत. म्हणतात, कार्ड काढलं की दुखणं मागे लागतं. नोंदणीची शेवटची तारीख काय आहे? तोवर त्यांना पटवतो.” — बार्शी तालुका

शेवटची तारीख नाही. ही नोंदणी वर्षभर चालू असते, भरती झाल्यावर दवाखान्यातही होते. हे वडिलांना सांगू नका, नाही तर ते तेच धरून बसतील.

भरती झाल्यावर होते, पण कशी होते ते सांगते. पेशंट ऑक्सिजनवर, तोंडावर मास्क, चेहरा जुळत नाही. बोटाला क्लिप लावलेली, ठशाला बोट मोकळं नाही. ओटीपी त्यांच्या मोबाईलवर, तो मोबाईल घाईत गावी खुंटीला राहिलेला. त्यात नावात फरक असला की अर्ज तपासणीत अडकतो. तोवर मेडिकलवाला चिठ्ठ्या देत राहतो.

माझे सासरेही तुमच्या वडिलांसारखेच. २९ ऑक्टोबर २०२४ ला, धनत्रयोदशीला, ही योजना सुरू झाली तेव्हा मी त्यांच्या मागे लागले होते. म्हणाले, “सणासुदीला दवाखान्याचं नाव काढू नको.” मग मी कार्डाचं नाव सोडलं. हयातीच्या दाखल्यासाठी ते दर नोव्हेंबरला मोबाईलसमोर चेहरा धरतातच. त्या दिवशी दाखला झाल्यावर म्हटलं, “मामंजी, अजून एकदा धरा, आधीचा नीट आला नाही.” खोटं बोलले, कबूल. कार्ड छापून आणल्यावर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता ते पंचांगात खूण म्हणून ठेवतात. परवा शेजारचे आण्णा विचारत होते, काढायला कसं असतं हे? तर सासरे म्हणाले, “माझी सून करून देते, या दहाच्या उन्हाला.”